काचबिंदूचे ड्रॉप्स लागू पडतायत की नाही, कळणार कसं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने रोज रात्री ड्रॉप्स टाकताय पण नजरेत काहीच फरक नाही, मग औषध लागू पडतंय हे ओळखायचं कसं. मी नऊ वर्षं ड्रॉप्सवर आहे, पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडायचा. अहो, नजर आहे तशी टिकली हाच काचबिंदूतला गुण! डोळ्याच्या नसेचं झालेलं नुकसान भरून येत नाही, औषध फक्त पुढचं थोपवतं.

ड्रॉप्सनी डोळ्याच्या आतलं प्रेशर उतरलं की बरं वाटतं, पण एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. ते दिवसभरात वरखाली होतं, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ असला तर मशीन कमी दाखवतं, आणि काहींचं प्रेशर 21 च्या आत, म्हणजे नॉर्मल समजतात तेवढं, असूनही नस खराब होत जाते. म्हणून तुमचं टार्गेट प्रेशर, म्हणजे कितीपर्यंत उतरवायचं तो आकडा, किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

खरं काय ते फील्ड टेस्ट सांगते, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठे किती दिसतं याची तपासणी. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला बारीकसा उजेड चमकला की बटण दाबायचं. मला पहिल्यांदा उजेड दिसला की भास झाला तेच कळेना, रिपोर्ट वाईट आला, पुढचा एकदम सुधारलेला, आणि मी ड्रॉप्सचा गुण समजून खूश, तर डॉक्टर म्हणाले तुमचा टेस्टला हात बसलाय. एकदोन रिपोर्टवरून म्हणूनच काही ठरवायचं नाही, दोनेक वर्षांत पाच-सहा टेस्ट झाल्या की कल दिसायला लागतो.

औषधाचा उपयोग होतो का, तर होतो, नक्की होतो. ब्रिटनमध्ये 516 पेशंटवर झालेली ट्रायल 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, निम्म्यांना लॅटानोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध आणि निम्म्यांना नुसते बिनऔषधाचे थेंब. दोन वर्षांत फील्ड बिघडलं ते औषधवाल्यांत साधारण 15 टक्के, दुसऱ्यांत 26 टक्के. पण यातच बघा, औषधाशिवायही बऱ्याच जणांचं तेवढ्यात बिघडलं नाही आणि औषध घेऊनही काहींचं बिघडलंच, त्यामुळे कुणी "मी सोडले ड्रॉप्स, मला काही झालं नाही" म्हणालं तर कृपया त्यावर विसंबून बंद करू नका.

पुढच्या वेळी जुने सगळे प्रिंटआउट घेऊन जा आणि पहिल्यापासून शेजारी शेजारी ठेवून दाखवा म्हणावं डॉक्टरांना. आणि मधे किती रात्री ड्रॉप्स चुकले तेही खरं सांगा, नाहीतर ते औषध कुचकामी समजून उगाच बदलतील.