दुसऱ्या दिवशीची भरपाई बंद करा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दिवसभर डाएट नीट पाळता, पण रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाताला लागेल ते संपवता आणि सकाळी स्वतःची किळस येते, तर मन खंबीर कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय. त्यातल्या "उभ्याउभ्या" या शब्दाशी मी अडलो. मीही नऊ वर्षं तसाच खात होतो. दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात. गार वरणभात, त्यावर शेव, मग गूळतूप, की परत काहीतरी तिखट. चिवडा खाल्ला की डबा हलवून पातळी सारखी करून ठेवायचो, सकाळी बायकोच्या लक्षात येऊ नये म्हणून. (पहिल्याच महिन्यात आलं होतं. ती बोलली नाही, हे मला फार उशिरा कळलं.)

मी डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. तुम्हाला मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर खालचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. खाल्ल्यावर उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, तर हे उत्तर वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

पाणी प्या, चाला, साखर सोडा हे लिहीत नाही. आपल्यासारख्यांना ते तोंडपाठ असतं.

मला सगळ्यात महागात पडलं ते रात्रीचं खाणं नव्हे, दुसऱ्या दिवशीची भरपाई. रात्री घोळ झाला की सकाळचा नाश्ता बंद, दुपारचा डबा शिपायाला, चारला कोरा चहा. संध्याकाळी सहापर्यंत स्वतःवर खूश. साडेअकराला पुन्हा फ्रिज. पुढच्या रात्रीची तयारी मीच दिवसभर उपाशी राहून करत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

या चुकीला खतपाणी घातलं वजन उतरवण्याच्या एका केंद्रानं. नाव घेत नाही. दर शनिवारी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करायचे, आकडा फळ्यावर. वाढला असेल तर दुसरा दिवस नुसत्या ताक-काकडीवर, त्याला ते "भरपाईचा दिवस"च म्हणायचे. पाच महिन्यांत १७ किलो उतरलो, भिंतीवर फोटो लागला. पुढच्या चौदा महिन्यांत १९ चढलो, फोटो तिथंच. काढा म्हणून फोन केला तर जुन्या मेंबरांना पॅकेजवर सवलत सांगितली! खाण्याच्या वहीत रात्रीचा रकाना मी कोरा ठेवायचो आणि तिथल्या बाई त्यावर बरोबरची खूण करायच्या. जेवण आठला, झोप एकला, मधे काय करता, एवढं एका माणसानं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पैसे गेले ते सोडा, राग अजून जात नाही.

आता "मन खंबीर" या प्रकाराबद्दल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात बंदूक धरायला तत्त्वासाठी नकार देऊन स्वखुशीनं या प्रयोगात आलेली ही मुलं. हीच मुलं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, आणि प्रयोग संपल्यावर काहीजण पोटाला तडस लागेपर्यंत खाऊनही भुकेले राहिले. त्यांना कुणी कच्च्या मनाचं म्हणणार का? चरबीतून निघणारं लेप्टिन (हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं) मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला साठा किती शिल्लक आहे ते कळवत असतं. साठा घटला की लेप्टिन उतरतं, पोटातलं भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकावर ठेवलं होतं. वर्षानंतरही त्यांची भुकेची संप्रेरकं जागेवर आलेली नव्हती. आमच्या घरी मात्र "जरा जिभेवर ताबा ठेव" हे काकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं.

दुसरं म्हणजे, याला नाव आहे: बिंज इटिंग डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच असं खाणं लिहून ठेवलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून ते २०१३ मध्ये आलं. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, आवरत नाही असं वाटत भराभर आणि लपून खाणं, ही ढोबळ खूण. झोपेतून उठून खात असाल तर तो प्रकार वेगळा असू शकतो, तेही सांगा. तुम्हाला काय आहे ते मी ठरवणारा कोण, पण आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, हे ठामपणे सांगेन.

मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तेव्हा मला पहिलं काम दिलं ते ऐकून मी हसलो होतो: रात्री कितीही खाल्लं तरी सकाळी आठला नाश्ता करायचा. तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. पहिल्या तीन आठवड्यांत दोन किलो वाढलो आणि सोडून द्यायला निघालो. पाचव्या आठवड्यात कधीतरी रात्रीचे साडेअकरा वाजून गेले आणि मला कळलंच नाही. आता महिन्यातून एखादी रात्र जाते, कधी दोन. वजन दोन वर्षांत सहाच किलो उतरलंय, म्हणजे भिंतीवर लावण्यासारखं काही नाही. संकष्टी सोडली, त्यावर आई दोन महिने धुसफुसत होती.

घरच्यांना पहारेकरी करू नका. आम्ही फराळाच्या कपाटाला कुलूप लावून पाहिलं. किल्ली तांदळाच्या डब्यात होती, मला दुसऱ्या रात्री सापडली.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दलही विचारलंय. मी घेतलेलं नाही. ऑफिसातला एकजण घेतो, डोक्यातलं खाण्याचं गुणगुणणं थांबलं म्हणतो, आणि ते औषध मेंदूवरही काम करतं हे खरंच आहे. पण सेमाग्लुटाइड (अशाच एका इंजेक्शनातलं औषध) बंद केलेल्यांचं उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलेलं चाचणीत दिसलं. सुरू करण्याआधी थांबवायचं कधी, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तुम्ही रात्रीचं सगळं लिहिलंत. दुपारी किती वाजता आणि काय खाता, ते मात्र पोस्टमध्ये कुठंच नाही. तेवढं लिहा ना.