मान वर करून बघ

अगं,

तुझा वास्तुशैलींचा तक्ता मिळाला. ग्रीक, रोमन, गॉथिक, इस्लामिक, जपानी, पाच कॉलम, प्रत्येकाखाली खांब कसे, कमानी कशा, नक्षी कशी, आणि शेवटी "माझी फेव्हरेट गॉथिक" लिहून तीन चांदण्या. व्हॉट्सॅपवर उत्तर द्यायला बसले तर ते लांबतच चाललं, म्हणून सरळ पत्रच लिहितेय, मेसवरून आलीस की निवांत वाच.

तक्ता वाईट नाहीये, मार्क पडतील तुला. पण त्यात सगळं समोरून दिसणारं आहे, म्हणजे फोटोत येतं तेवढंच. छताबद्दल एक ओळ नाही! मी कुठलीही जुनी इमारत बघायला गेले की आधी मान वर करते. हे एवढं वर राहिलंय कसं, याचं वजन खाली कुठून उतरतंय, पाऊस आला की पाणी कुठं जातं, आणि दुरुस्तीला वर कोण चढतं. एवढं विचारलं की तुझे पाच कॉलम आपोआप मोडतात आणि वेगळ्याच जोड्या लागायला लागतात, बघ.

आता अथेन्सचं पार्थेनॉन घे, ग्रीकांचं देऊळ. इसवीसनपूर्व ४४७ ते ४३२, संगमरवर, सगळं खरं, पण मूळ हिशोब काय तर खांब उभा करा आणि वर आडवा दगड टाका. आपल्याकडची हेमाडपंती देवळं तोच हिशोब करतात, चुना न वापरता, दगडावर दगड. आडवा दगड फार लांब टाकला तर मधून तडकतो, त्यामुळे खांब जवळजवळ ठेवावे लागतात, म्हणून तर देवळात शिरलं की खांबांची गर्दी आणि अंधार. छताला मग कोपऱ्यातून दगड थोडे थोडे पुढं सरकवत नेतात आणि भोक लहान लहान करत मधे एक दगड बसवतात. सुट्टीत आलीस की हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर, तिथला शके ९४० चा मराठी शिलालेख बघायला सगळे जातात, तू मंडपात उभी राहा आणि दोन खांबांतलं अंतर पावलांनी मोज. ग्रीक आणि हेमाडपंती हे तुझ्या तक्त्यात शेजारी आले असते तर मी खुश झाले असते. (हेमाडपंती तर तू घेतलंच नाहीस, असो.)

आता घुमट, माझा जीव की प्राण. घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो, त्याला पसरायचं असतं. रोममधल्या पँथिऑनला साधारण १९०० वर्षं झाली, ४३.३ मीटरचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची सळई नाही काही नाही. त्यांनी काय केलं, खालच्या भिंती सहा मीटर जाड ठेवल्या आणि काँक्रीटमधली खडी वर जाताना हलकी हलकी घेतली, अगदी वर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, आणि मधे मोठं भोकच सोडलं. पाऊस आत पडतो, जमिनीला उतार आहे, पाणी निघून जातं.

इस्तंबूलची हागिया सोफिया मात्र ऐकण्यासारखी आहे. चौकोनावर गोल बसवायचा म्हणजे कोपऱ्यात काहीतरी करावं लागतं, तिथं त्यांनी वाकडे त्रिकोणी तुकडे घेतले आणि ५३७ साली इमारत उभी केली. घुमट होता उलट्या घातलेल्या परातीसारखा पसरट, त्यामुळे बाहेरचा जोर जास्त, त्यात भूकंप झाले आणि ५५८ ला तो कोसळला. परत बांधला तेव्हा सहाएक मीटर उंच घेतला. पुढं बाहेरून टेकू देतच राहिले, उस्मानी काळातसुद्धा, म्हणून ती बाहेरून एवढी धिप्पाड आणि जरा बेढब दिसते. आत गेलं की मात्र घुमट तरंगतोय असं वाटतं म्हणतात, कारण त्याच्या खालीच चाळीस खिडक्यांची रांग आहे.

आणि आता आपला गोल गुंबज, सोलापुरातून शंभरेक किलोमीटर, आणि तुझ्या तक्त्यात "इस्लामिक" मधे अर्धी ओळ! अगं, विजापूरच्या कारागिरांनी जे केलंय ते बघ तरी. मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६, काळा बसाल्ट आणि चुना. घुमट आतून ३८ मीटरच्या आसपास, पँथिऑनपेक्षा थोडा लहान, पण खाली मोकळी जागा चौकोनी, मधे एकही खांब नाही. आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्यात, एकावर एक दोन चौकोन फिरवून ठेवावेत तशा, त्यांच्या छेदातून वर अष्टकोन होतो आणि त्यावर गोल बसतो. त्या कमानी आतल्या बाजूला झुकलेल्या आहेत, तिथंच ती बोलणारी गॅलरी, आणि तिथलं सगळं वजन आत ओढतं, त्यामुळे घुमटाच्या बाहेर ढकलण्याला आवर बसतो. कोपऱ्यातले सात मजली मनोरे सगळे फोटोत काढतात, छेदणाऱ्या कमानींचा फोटो कुणी काढत नाही. मला विचारशील तर जगातल्या कुठल्याही घुमटाशेजारी मी हा ठेवीन, आणि हे मी गाव जवळ आहे म्हणून नाही म्हणत.

आता तुझं गॉथिक. नाही गं, वाईट नाही म्हणत मी. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या चर्चमधे ११४० च्या दशकात जे सुरू झालं त्यात डोकं जबरदस्त आहे. टोकदार कमान बाहेर कमी ढकलते, छताचं वजन फासळ्यांतून ठरावीक जागी उतरतं, आणि उरलेला जोर बाहेर हवेत टाकलेल्या अर्ध्या कमानींनी पकडायचा. मग भिंतीला कामच उरत नाही, लावा काचा. हे उत्तर फ्रान्समधे पटतं, तिथं हिवाळ्यात उजेडाची मारामार, आपल्याकडं मे महिन्यात अशी काचेची भिंत म्हणजे भट्टी. (होटगी रोडला आता तेच चाललंय, काचेचा दर्शनी भाग आणि मागं एसीची रांग, जाऊ दे.) तुझ्या तक्त्यात "उंची" ला पैकीच्या पैकी मार्क दिलेत तू, तर फ्रान्समधल्याच बोव्हेच्या कॅथेड्रलचं वाच. त्यांनी हौसेनं छत ४८ मीटरपर्यंत नेलं आणि १२८४ ला त्यातला भाग खाली आला, ते कॅथेड्रल आजही अर्धंच आहे.

दुरुस्तीचं राहिलंच, आणि तक्त्यात तेच सगळ्यात कमी आहे. तुझ्या आजीचं गावचं माळवद आठवतं ना, जाड भिंती, सागवानी तुळया, वर फळ्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा थर, मधे उजेडाला ठेवलेलं भोक. पँथिऑनचं भोक वाचताना तुला ते आठवायला हवं होतं! दरवर्षी पावसाच्या आधी वर चढून नवी माती टाकायची, चोपायची, तडे बुजवायचे. माती चुकली की जुलैमधे घरात ठिकठिकाणी पातेली. आता मालीमधली जेन्नेची मशीद बघ, आत्ताची इमारत १९०७ ची, सगळी मातीची, भिंतीतून ताडाच्या लाकडाचे दांडके बाहेर आलेत, आपल्याला वाटतं सजावट, पण तीच त्यांची परांची. दरवर्षी सगळं गाव मिळून नव्यानं गिलावा करतं. आणि जपानात इसेचं देऊळ तर दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्यानंच बांधतात, शेवटचं २०१३ मधे झालं. मग ते जुनं की नवं? तू तुझ्या मॅडमना विचार, मजा येईल. जेन्ने, इसे आणि आजीचं माळवद एका कॉलममधे टाक, देश-धर्म काही का असेना, तिघांचीही अट एकच आहे, माणूस परत परत वर चढला पाहिजे.

सोलापुरातल्या इंद्रभुवनबद्दल विचारलंयस तर ते छानच आहे, ते बांधणाऱ्या वारदांनी हौसेनं युरोपी आणि देशी सजावट एकत्र केली, आता महापालिका आहे तिथं. पण ते तक्त्यात कुठं बसतं यावर डोकं खपवू नकोस, कुठंच बसत नाही. नळदुर्गचा पाणीमहालही बसत नाही, बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटात खोल्या काढल्यात, पाणी डोक्यावरून पडतं आणि माणूस आत कोरडा. शैली काय लिहिशील तिथं?

तर आता असं कर. फोटो जमवणं थांबव. प्रत्येक इमारतीचा सेक्शन हातानं काढ, उभा कापलेला, आणि वजन कुठून कुठं जातंय ते लाल पेननं दाखव. गॉथिकचा काढताना बाहेरच्या अर्ध्या कमानी विसरलीस तर परत पाठवीन. विजापूरला सकाळी लवकर पोच, सहली आल्या की गॅलरीत पोरं नुसती ओरडतात, काही ऐकू येत नाही आणि बघूही देत नाहीत. टेप घेऊन जा, गॅलरीची रुंदी मोज. नळदुर्गला पाऊस चांगला झाल्यावरच जाऊ, मी पण येते, बाबांना म्हणावं गाडी काढा, येताना वाटेत हुरडा नसला तरी भजी तरी मिळतील.

तुझी,
मावशी