‘सत्या’मध्ये एवढं नवीन काय होतं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राम गोपाल वर्मांचा मुंबईतल्या टोळ्यांवरचा हिंदी सिनेमा ‘सत्या’ पहिल्यांदाच पाहिला, आवडला, पण त्याचा एवढा गवगवा कशासाठी ते कळलं नाही. असले भाई, असल्या शिव्या आणि असली मुंबई हल्ली दर दुसऱ्या वेबसिरीजमध्ये असते. प्रश्न रास्त आहे. ज्या सिनेमाची पंचवीस वर्षं सगळ्यांनी उचलेगिरी केली, तो उशिरा पाहिला की शिळा वाटणारच. म्हणून तो ३ जुलै १९९८ला आला तेव्हा आजूबाजूला काय होतं, तिथून सुरुवात करतो.

तोवरचा हिंदी सिनेमातला डॉन म्हणजे पांढरा सूट, अड्ड्यावर लुकलुकणारे दिवे आणि बाजूला हेलन किंवा तिच्यासारखी कुणीतरी. ‘परिंदा’ (१९८९) हा मोठा अपवाद, आणि त्याचं ऋण मान्य केल्याशिवाय ‘सत्या’बद्दल बोलू नये. पण ‘परिंदा’तला अण्णा हा आगीला घाबरणारा, आतून बिघडलेला माणूस आहे. तो तुमच्या मजल्यावर राहत असेल असं वाटत नाही. ‘सत्या’तला टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे राहत असेल असं वाटतं. फरक तिथे आहे.

राम गोपाल वर्मांनी याचं मूळ अनेकदा सांगितलंय. १२ ऑगस्ट १९९७ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांचा खून झाला. बातमी ऐकताना वर्मांच्या डोक्यात आलं ते मारेकऱ्याबद्दल: त्या दिवशी तो किती वाजता उठला असेल? लवकर उठव म्हणून आईला सांगून झोपला असेल का? नाश्ता कामाच्या आधी केला असेल की नंतर? टोळीवाले आपल्याला दोनदाच कळतात, मारतात तेव्हा आणि मरतात तेव्हा. मधल्या वेळात काय करतात? सगळा सिनेमा या मधल्या वेळाचा आहे. तो पाहताना किती माणसं मेली हे मोजू नका, जेवण, बायकोची बोलणी आणि टवाळक्या किती आहेत ते बघा.

एकच प्रसंग घेऊ. भिकूच्या टोळीतला त्याचा मित्र चंदर मारला जातो. सरधोपट सिनेमात इथे मित्र आकाशाकडे बघून किंचाळतो आणि बदल्याची शपथ घेतो. इथे भिकू त्या प्रेतालाच शिव्या घालतो. ऐकलं नाहीस, सांगितलं होतं ना, या चालीवर. रडणं आणि चिडणं वेगळं काढता येत नाही. हे लेखकाच्या टेबलावर सुचलेलं नाही. एका टोळीवाल्याने आपल्या मेलेल्या भावाच्या देहाला, सल्ला ऐकला नाही म्हणून, अशाच शिव्या घातल्याचा किस्सा वर्मांच्या कानावर आला होता. भिकूचं पात्र त्यातून उभं राहिलं असं ते सांगतात. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका सुतकाच्या घरात असंच बोलतात, ‘मेल्या, औषध घे म्हणून किती सांगत होते’. म्हणून तो प्रसंग आपल्याला परका वाटत नाही.

लेखनाची गोष्टही मजेची आहे. अनुराग कश्यप तेव्हा अगदी नवा, मनोज वाजपेयीने सुचवलेला. सोबत कुणी मुरलेला लेखक हवा म्हणून आधी विजय तेंडुलकरांचा विचार झाला होता, ते जमलं नाही. ‘अर्धसत्य’ची पटकथा तेंडुलकरांची, तेव्हा ते असते तर सिनेमा कुठे गेला असता याचा विचार मी अधूनमधून करतो. बहुधा जास्त कडू झाला असता आणि हसू कमी झालं असतं. अखेर सौरभ शुक्ला आले, लिहिलंही आणि टोळीतला कल्लू मामाही झाले. नटांना कागदाबाहेर जाऊन बोलायची मोकळीक होती. अड्ड्यावरची बोलणी एकमेकांवर चढतात, कुणी कुणाचं वाक्य संपू देत नाही, ते त्यामुळे.

वाजपेयीला आधी सत्याची, म्हणजे भिकूच्या टोळीत नव्याने आलेल्या नायकाची, भूमिका मिळेल असं वाटत होतं. भिकू दिला म्हणून तो खट्टू झाला होता, आणि मग त्याच भिकूने त्याला सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. माणूस बिहारचा, बेतियाजवळचा. बोलण्याचा बाज त्याने आपल्या स्वयंपाक्याकडून उचलला, आणि तो होता कोल्हापूरचा. म्हात्रे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अलिबाग, उरण, पनवेल येतं, त्यामुळे आगरी कानाला हा भिकू थोडा घाटावरचा वाटत असणार. मला ते कधी खटकलं नाही. मुंबईत राहिलं की बोली अशीच सरमिसळ होते.

मराठीपणाबद्दल आणखी एक. भाऊ ठाकुरदास झावळे, वकील मुळे, इन्स्पेक्टर खांडिलकर, विठ्ठल मांजरेकर: टोळीत, राजकारणात, कोर्टात आणि पोलिसांत आपलेच लोक. त्याआधी हिंदी सिनेमातला मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर रामू गडी. इथे शेफाली शाहची प्यारी, भिकूची बायको, नवऱ्यावर डाफरते, हात उगारते आणि लगेच त्याच्या गळ्यातही पडते. तिला पडद्यावर वेळ फार थोडा आहे, पण फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार तिला उगाच मिळाला नाही.

छायालेखन अमेरिकन जेरार्ड हूपरचं. चित्रीकरण लांबलं आणि त्याला परतावं लागलं, मग मजहर कामरानने काम पुरं केलं. परक्या डोळ्याचा फायदा असा, की आपण ज्याकडे बघणं सोडून दिलंय ते ओले जिने, पागोळ्या, काळवंडलेल्या भिंती त्याने टिपल्या. पार्श्वसंगीत संदीप चौटाचं, गाणी गुलजार आणि विशाल भारद्वाजची.

आणि इथेच माझी तक्रार. मुळात सिनेमा बिनगाण्यांचा करायचा बेत होता, धंद्यासाठी गाणी आली. ‘गोली मार भेजे में’ टोळीच्या दारूच्या बैठकीत चपखल बसतं, पण सत्या आणि त्याची प्रेयसी विद्या यांची प्रेमगाणी लागली की सिनेमा दुसऱ्याच कुठल्या पिक्चरमध्ये शिरल्यासारखा वाटतो. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पोलीस आयुक्त आमोद शुक्ला कायद्याबाहेर जाऊन ठोकायला परवानगी देतो, तेव्हा सिनेमा त्याच्या बाजूने झुकतो. नव्वदच्या दशकात मुंबईत एन्काउंटरला टाळ्या पडायच्या, त्यातलाच हा प्रकार. सत्याला पकडायला पोलीस थिएटरची दारं अडवतात, सत्या गोळी झाडतो, आणि त्या चेंगराचेंगरीत मात्र साधे प्रेक्षक मरतात. तिथे पडद्यावर ‘बॉर्डर’ चालू असतो. दिल्लीत ‘उपहार’ थिएटरला आग लागली, ५९ माणसं गेली, तेव्हाही ‘बॉर्डर’चाच खेळ होता, आणि ते जून १९९७चं. प्रदर्शनाच्या वेळी सिनेमा पाहणाऱ्याला ते आठवल्याशिवाय राहिलं नसेल.

वारसा म्हणाल तर तो माणसांचा जास्त. वर्मांनी पुढे ‘कंपनी’ (२००२) केला, भारद्वाजने ‘मकबूल’ (२००३), कश्यपने ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि मग ‘गँग्स ऑफ वासेपूर’. बाकीच्यांनी हलता कॅमेरा आणि शिव्या तेवढ्या उचलल्या, भिकूचं घर उचललं नाही, कारण घर लिहायला मेहनत लागते. घरच्या ओढीच्या बाबतीत मला जवळचा वाटतो तो महेश मांजरेकरचा ‘वास्तव’ (१९९९), जरी तो जास्त नाटकी आहे.

जानेवारी २०२५मध्ये ‘सत्या’ पुन्हा थिएटरला लागला होता. पुन्हा पाहणार असाल तर या खेपेला भिकूला सोडा आणि कल्लू मामाकडे लक्ष ठेवा. पूर्ण वेळ तो हिशेब आणि थट्टा यांतच दिसतो, कुणाची बाजू घेईल सांगता येत नाही. भाऊ झावळे भिकूला मारतो, मग सत्याचा काटा काढायचं काम मामावर येतं, आणि मामा गोळी घालतो ती मुळेला. त्याआधी तो कुठे कुठे गप्प बसलाय ते बघा.