जर्मनीला येण्यापूर्वी गिटहब आवरताना

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर पाच वर्षांत साठलेल्या ४२ रेपॉझिटऱ्यांपैकी (रेपो, म्हणजे एकेका प्रकल्पाचे फोल्डर) काय ठेवावे, पुण्यातील नोकरीत लिहिलेला कोड दाखवता येईल का, आणि पदवी वाणिज्य शाखेची असताना जर्मनीच्या व्हिसासाठी या खटाटोपाचा उपयोग होतो का. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोहोंवर किती वेळ घालवायचा ते त्याच्या उत्तरावर ठरते.

नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनीत माहिती-तंत्रज्ञानातील व्यक्तीला त्या विषयाची पदवी नसतानाही ब्लू कार्ड (कुशल परदेशी व्यक्तीला राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना) मिळू शकते. त्यासाठी मागील सात वर्षांत त्या क्षेत्रातील किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या तोडीचा अनुभव लागतो, नोकरीचा करार किमान सहा महिन्यांचा असावा लागतो आणि कर कापण्यापूर्वीचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असावा लागतो. ही मर्यादा २०२५ साठी वर्षाला ४३,७५९ युरो ८० सेंट होती. ती दरवर्षी बदलते, म्हणून अर्जाच्या वेळचा आकडा पाहावा. यातला अनुभव सिद्ध होतो तो कंपनीच्या पत्रांनी, रेपोंनी नव्हे. आपल्याकडे अनुभवपत्र म्हणजे हुद्दा, दोन तारखा आणि ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ एवढाच मजकूर असतो. तुम्हाला कोणत्या प्रणालीवर काम केले, कोणती जबाबदारी स्वतंत्रपणे पार पाडली, कोणते तंत्रज्ञान वापरले, हे सविस्तर लिहिलेले पत्र हवे आणि ते राजीनामा देण्यापूर्वी मागावे, कारण नंतर मनुष्यबळ विभागाला तुमच्यासाठी फुरसत नसते. रेपोंचे काम त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. ज्या करारावर व्हिसा अवलंबून असतो, तो करार देणाऱ्या कंपनीतील एखादा अभियंता मुलाखतीआधी दहा-पंधरा मिनिटे तुमचे काम चाळतो, आणि तुमची सगळी मांडणी त्या एका अनोळखी वाचकासाठी करायची आहे.

ऑफिसमधला कोड दाखवू नका. नावे बदलून नको आणि ‘थोडासाच भाग’ म्हणूनही नको. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी, जो माणूस जुन्या कंपनीचा कोड आपल्याला दाखवतो तो उद्या आपलाही कोड दुसऱ्याला दाखवील, हा विचार समोरच्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तोच प्रश्न खुल्या माहितीवर, घरच्या संगणकावर, कोऱ्या फाइलपासून पुन्हा सोडवा. पूर्वी चुकून काही चढवले असेल, तर फाइल पुसून नवा कमिट (बदलाची नोंद) केल्याने ती जात नाही, इतिहासात तशीच राहते. पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रामला एखादी सेवा वापरू देणारी गुप्त किल्ली) उघडी पडली असेल, तर आधी ती रद्द करून नवी घ्यावी आणि मगच गिट फिल्टर-रेपोसारख्या साधनाने इतिहास धुवावा, कारण मधल्या काळात कोणी प्रत उतरवून घेतली असेल तर ती परत आणता येत नाही.

आता ४२ रेपो. प्रोफाइलच्या दर्शनी भागात जास्तीत जास्त सहाच रेपो लावता येतात आणि माझ्या मते तुमच्यासाठी चारही पुष्कळ आहेत. अभ्यासक्रमातले स्वाध्याय आणि ‘टेस्ट’, ‘टेस्ट दोन’, ‘फायनल नवीन’ अशा नावांची मंडळी खासगी करून टाका. जे काम चांगले होते पण आता तुम्ही हात लावणार नाही, ते अर्काइव्ह करा. तसे केल्यावर रेपो केवळ वाचण्यापुरता राहतो आणि ते काम तुम्ही विचारपूर्वक थांबवले आहे हे पाहणाऱ्याला कळते. नुसते फोर्क करून, म्हणजे दुसऱ्याच्या रेपोची प्रत आपल्या खात्यात घेऊन, ठेवलेले प्रकल्प काढून टाका. त्यांपैकी एखाद्यात तुमचा बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारला असेल, तर त्याची नोंद मूळ ठिकाणी राहतेच, आणि त्या चर्चेचा दुवा हा तुमच्याजवळचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण तिथे तुमचे काम परक्या माणसाने तपासलेले असते.

रीडमीबद्दल, म्हणजे रेपोची ओळख करून देणाऱ्या फाइलबद्दल, थोडे विस्ताराने लिहितो, कारण मी स्वतः तिथेच चुकलो होतो. मराठीत आकडे अक्षरी लिहिणारी एक छोटी पायथन लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरता येणारा तयार कोड) मी केली होती. रीडमीत वर रंगीबेरंगी बॅज (प्रकल्पाची स्थिती दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या) होते, खाली इन्स्टॉल करण्याची आज्ञा होती आणि वर्णन होते ‘अंकांचे शब्दांत रूपांतर करणारे उपयुक्त साधन’. मुलाखतीत एका जर्मन अभियंत्याने शांतपणे विचारले, ‘यात अवघड काय आहे?’ तेव्हा मी त्याला सांगितले, की मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येचा शब्द स्वतंत्र आहे; एकोणतीस म्हणजे तिसांना एक कमी, एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालते, पण नव्व्याण्णवला ती मोडते; म्हणून सूत्र न वापरता पूर्ण तक्ता दिला आहे आणि पुढे हजारानंतर लाख-कोटींची गटवारी वेगळी हाताळली आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो हे ऐकून तो हसला, कारण जर्मनमध्येही एककच आधी येते. पुढची वीस मिनिटे आम्ही त्यावरच बोललो. घरी येऊन मी हे सगळे रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात लिहिले आणि बॅज काढून टाकले.

तुमच्या प्रत्येक रेपोत असा परिच्छेद हवा: प्रश्न कोणता होता, कोणते मार्ग समोर होते, त्यांतला हाच का निवडला. मोठ्या प्रकल्पात असे निर्णय डॉक्स (कागदपत्रांच्या) फोल्डरमध्ये एकेका पानावर तारखेसह लिहून ठेवावेत. सॉफ्टवेअर अभियंता मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली ही पद्धत अनेक संघांत रुळलेली आहे. रीडमीत त्या परिच्छेदानंतर प्रकल्प चालवण्याच्या आज्ञा, चाचण्या कशा चालवायच्या ते, आणि काय जमत नाही याची प्रामाणिक नोंद. हा मजकूर इंग्रजीत लिहा, पण एआयकडून लिहवून घेऊ नका. प्रत्येक ओळीपुढे रॉकेटचे चित्र असलेली ती भाषा आता कोणीही ओळखतो, आणि मुलाखतीत त्याच वाक्याचा अर्थ विचारला की पंचाईत होते.

परवाना विसरू नका. परवान्याची फाइल नसेल, तर सार्वजनिक रेपोतला कोडही इतरांना कायदेशीरपणे वापरता येत नाही. एमआयटी हा कोड मोकळेपणाने वापरू देणारा परवाना तुमच्या कामाला पुरेसा आहे. कमिटवर कोणता ईमेल पत्ता उमटतो तेही तपासा. घरच्या प्रकल्पावर ऑफिसचा पत्ता दिसला, तर हे काम कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या यंत्रावर झाले, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रोफाइलवर रोजचे काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांची मात्र चिंता करू नका.

पत्रांचे काम याच आठवड्यात सुरू करा. रेपोंपैकी एकच आधी घ्या, त्याचा रीडमी पूर्ण करा, आणि एखाद्या मित्राला त्याच्या लॅपटॉपवर तो प्रकल्प केवळ रीडमी वाचून चालवायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका. त्याने तुम्हाला किती वेळा फोन केला आणि काय विचारले ते लिहून ठेवा, आणि दुवा मला पाठवाल तेव्हा ती यादीही सोबत पाठवा.