आजोबांची पॉइंट २२ ठेवावी का?

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो तेव्हा इथं चारचौघं बसले होते, म्हणून मोघम उत्तर दिलं. आता नीट लिहितो. तू दोन प्रश्न एकात कालवलेस. आजोबांची पॉइंट २२ (०.२२ इंची बारीक गोळीची) बोल्ट-ॲक्शन रायफल नावावर करून घ्यावी का, हा एक. तिच्या जिवावर आखाड्यावरची, म्हणजे शेतातली, रानडुकरं आवरतील का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याला ‘अजिबात नाही’.

आधी तिचे गुण सांगतो. बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती दांडी, वर उचलून मागं ओढला की रिकामं टरफल बाहेर पडतं, पुढं ढकलून खाली दाबला की दुसरी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसायच्या जागेत. सगळं हातानं, डोळ्यांसमोर. सुटे भाग कमी, त्यामुळे बिघाडही कमी. बोल्ट काढून घेतला की नळीतून आरपार बघता येतं, साफ करायला सोपी. आणि बोल्ट एका कपाटात, रायफल दुसऱ्या कपाटात ठेवली की घरातल्या लेकरांची काळजी निम्मी मिटते. बंद झालेला बोल्ट घट्ट बसतो, म्हणून नेमही चांगला लागतो. धक्का तर जवळपास नाहीच. थेट बारा बोअरवर, म्हणजे जोरात धक्का देणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीवर, शिकलेली पोरं मी बघतो ना, चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आकसतात. ती खोड मग वर्षानुवर्षं जात नाही. पॉइंट २२ वर शिकलेल्याला ती लागतच नाही.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभ्यानं नेमबाजी) कांस्य आणलं, तो सगळा खेळ पॉइंट २२ चाच. तिथं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याहून फार मोठं नाही, तेही ५० मीटरवरून. ही गोळी काय करू शकते ते यावरून कळेल.

आता काय करू शकत नाही ते. शिसं ४० ग्रेनचं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. वेग साधारण आवाजाच्या वेगाइतका. ५० मीटरवर नेम बसवलेली रायफल १०० मीटरवर १५ ते २० सेंटीमीटर खाली मारते, आणि वारा असला तर बाजूलाही सरकते. आजोबांच्या तरुणपणी माळावरच्या सशा-तितरांसाठी ती पुरेशी होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीनं ती शिकार पूर्ण बंद झाली. हौसेची शिकार हा विषय आपल्या देशात संपलेला आहे, तो मनात ठेवूही नकोस.

राहिली डुकरं. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कडक जाड थर असतो. त्यात ही गोळी अडकते किंवा वरवर जखम करते. डुक्कर मरत नाही, उसात घुसतं. दुसरी गोळी लगेच मारावी म्हणशील, तर बोल्ट ओढून ढकलेपर्यंत ते फडात गेलेलं असतं. आणि त्या फडात सकाळी कोण शिरणार आहे? कोयता घेतलेली टोळी, मागं बायका, सोबत त्यांची लहान लेकरं. चवताळलेलं जखमी डुक्कर आतून निघालं तर कुणाच्या मांड्या फाटतील, याचा हिशोब गोळी मारणाऱ्यानं आधी करायचा असतो.

चुकलेल्या गोळीचं तर आणखी वाईट. आवाज बारीक म्हणून माणूस तिला खेळणं समजतो, पण नळी थोडी वर धरून सुटलेली गोळी दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आपल्या शिवारात दोन किलोमीटरमध्ये किती आखाडे येतात ते तूच मोज. शिवाय मऊ शिसं, बेताचा वेग: काळ्या दगडावर किंवा शेततळ्याच्या पाण्यावर आपटून गोळी भलतीकडं उडते. रात्री जागलीला बॅटरीच्या उजेडात मागचं काय दिसणार?

कायद्यानंही हा फरक ओळखलाय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचं नाव आहे, आणि पॉइंट २२ चं नाव रायफल क्लबच्या सभासदाला निशाण्याच्या सरावासाठी म्हणून. डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचीच वेळ आली तर वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. हातात लायसन्स असणं म्हणजे ती परवानगी नव्हे. नुकसान झालं की फोटो काढ, वनखात्याकडं भरपाईचा अर्ज कर, पंचनामा करून घे. कुंपणाला सौरऊर्जेचं झटका मशीन लाव. खांबावरचा करंट तारेत सोडायचा सल्ला देणारे गावात भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. त्यात डुकराआधी सालगडी मरतो.

रायफलीची एक कटकट सांगून ठेवतो. या गोळीत पेटणारा मसाला टरफलाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन तिथंच आपटते. ओल लागली किंवा मसाला सारखा पसरला नसला की गोळी फुसकी जाते. तेव्हा बोल्टला लगेच हात लावायचा नाही. नळी निशाण्याकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायचं. कधीकधी मसाला उशिरा पेटतो. आणि रिकाम्या रायफलीचा चाप गंमत म्हणून ओढत बसू नकोस, जुन्या रायफलीत पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ दबतो. मग टरफल अडकायला लागतं.

आजोबा गेल्यावर तुम्ही रायफल ठाण्यात जमा केलीत ते बरोबरच झालं. जमा केल्याची पावती जपून ठेव. तुला एकवीस पूर्ण आहेत, म्हणून वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज तुझ्याच नावानं कर. सोबत मृत्यू दाखला, जुनं लायसन्स आणि तुझ्या आईची व काकांची ना-हरकत. काका थोडे आढेवेढे घेतील, त्यांना मी बोलतो. लायसन्स हातात येईपर्यंत रायफल ठाण्यातच राहू दे, ‘ओळखीनं’ बाहेर काढायच्या भानगडीत पडू नकोस. तोवर क्लबचं सभासदत्व घे आणि तिथल्या रायफलीवर आडवं पडून मारायला शीक. उभ्यानं मारायची घाई सगळ्यांनाच असते, ते नंतर.

ताईला नमस्कार सांग. अर्जाचा मसुदा पाठव, एकदा नजरेखालून घालतो.

तुझा मामा