काटा पायात, गाठ जांघेत

प्रश्न : आमच्याकडं मोटारीची लाइट रात्रीची असते, उसाला पाणी पाजायला गेलो तेव्हा बांधावर बाभळीचा काटा टाचेत मोडला. दोन-तीन दिवसांत टाच सुजली, पू झाला आणि आता जांघेत सुपारीएवढी गाठ आलीय, अंगात कणकण पण आहे. घरातले म्हणतात अवधाण आलंय, शेक घे आणि तेल लावून चोळ. आजी मात्र घाबरलीय, तिच्या सासूनं तिला सांगितलेलं की गाठ आणि ताप एकदम आला की माणूस जातं. काटा पायात आणि गाठ वर कशी?
– एक शेतकरी, पलूस तालुका

उत्तर : दादा, आधी आजींना सांगा की त्यांची भीती उगाच नाही, पण ही गाठ ती नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं आपल्या सातारा-सांगलीकडंही पसरला, त्यात अशाच जांघेत, काखेत गाठी यायच्या, आणि लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. घराघरात ती आठवण अजून आहे. तुमच्या गाठीचं कारण तुमच्या टाचेतच आहे.

आता टाचेत काय झालं ते बघा. धड कातडीतून जंतूंना सहसा आत जाता येत नाही, पण काट्यानं ती फोडली आणि सोबत बांधावरची माती, शेणातले जंतू आत नेले. तिथल्या पेशींनी लगेच रसायनं सोडली, त्यानं बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतीतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, म्हणून जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. सगळ्यात आधी येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी. आपल्या हाडांतल्या मगजात या रोज दहा हजार कोटींच्या आसपास तयार होतात, जेमतेम काही तास ते काही दिवस जगतात, जंतू गिळतात आणि तिथंच मरतात, आणि जो पू तुम्हाला दिसतोय तो बहुतेक करून याच मेलेल्या पेशींचा असतो, त्यामुळं पू बघून किळस करू नका, तिथं शरीरानं खरंच मोठं काम केलंय. रक्ताच्या तपासणीत, म्हणजे सीबीसी रिपोर्टात, पांढऱ्या पेशी ११ हजाराच्या वर गेल्या की डॉक्टर इन्फेक्शन आहे का बघतात ते याचमुळं.

आणि गंमत म्हणजे पेशी जंतू गिळतात हे माणसाला कळलं तेच मुळी काट्यामुळं. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावात मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पिल्लांच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे टोचले, ती पिल्लं आरपार दिसणारी असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपमधून बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. त्यावर पुढं आयुष्यभर काम केलं त्यानं, १९०८ ला नोबेल मिळालं.

आता गाठीचं, म्हणजे घरातले ज्याला अवधाण म्हणतात त्याचं. अंगात रक्तवाहिन्यांशिवाय लसिकेच्या, म्हणजे लिंफच्या बारीक नळ्यांचं वेगळं जाळं आहे आणि त्या नळ्यांवर ठिकठिकाणी मिळून सुमारे सहाशे गाठी आहेत, एरवी त्या हाताला लागतही नाहीत. पायाचं पाणी जांघेतल्या गाठीत जातं, हाताचं काखेत, घशाचं-दातांचं मानेत. टाचेतल्या काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन याच नळीतून जांघेपर्यंत जातात आणि तिथं बसलेल्या टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशींना तो दाखवतात. यातल्या प्रत्येक पेशीला ठराविकच आकार ओळखता येतो, त्यामुळं लाखोंमधल्या मोजक्याच पेशींना तो तुकडा जुळतो, पण ज्यांना जुळतो त्या झपाट्यानं दुपटी-दुपटीनं वाढायला लागतात. ती वाढच तुमच्या हाताला सुपारीएवढी लागतेय. आठवड्याभरात तिथून त्याच जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, रक्तात यायला लागतात, आणि त्यातल्या काही पेशी पुढच्या वेळेसाठी मागं राहतात.

म्हणून गाठ चोळू नका. कोमट शेक घेतला तर चालेल, पण चोळून ती फक्त जास्त दुखेल, आणि इलाज तिथं नाहीच, टाचेत करायचाय. काट्याचं टोक आत राहिलं असेल तर पू थांबणार नाही, आणि बाभळीचा काटा लाकडाचा, एक्स-रेत बहुतेक दिसत नाही, सोनोग्राफीत सापडतो. घरी सेफ्टी पिननं कोरत बसू नका, डॉक्टरकडून काढून घ्या, अँटिबायोटिक लागेल का ते पण तेच सांगतील. कणकणीला घाबरायचं कारण नाही, मेंदूच स्वतः तापमान वर चढवून घेतो, फार अस्वस्थ वाटलं तर पॅरासिटामॉल घ्या. मात्र पायावरून वर लाल रेघ चढत गेली, थंडी वाजून ताप आला, किंवा तुम्हाला शुगर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण शुगर वाढलेल्या माणसाच्या न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत. आणि जखम भरून महिना झाला तरी गाठ तशीच राहिली, न दुखता वाढत गेली, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं काही असेल तर टीबीची तपासणी करून घ्यायची, आपल्याकडं गाठीचा टीबी कमी नाही.

प्रश्न : माझ्या कॉलेजातल्या मुलाला वर्षातून चार-पाच वेळा सर्दी होते. ओळखीच्या एका बाईंनी प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर दिलीय, डबा चांगलाच महाग आहे. चालू करू का? आणि गोवर एकदाच येतो मग सर्दी सारखी का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, डबा परत करा. चार-पाच सर्दी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असं अजिबात नाही, कॉलेज, होस्टेल, एसटीची गर्दी यात तेवढं होतंच.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. शरीराची आठवण पक्की असते पण ती त्या-त्या जंतूपुरती असते. अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवर १७८१ ला गोवराची साथ आली, नंतर थेट १८४६ ला आली, तेव्हा पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरनं नोंदवलं की आधीच्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना ६५ वर्षांनी पण तो परत झाला नाही, बाकी जवळपास सगळं बेट आजारी पडलं. गोवराच्या व्हायरसचा बाहेरचा आकार फारसा बदलत नाही, एकदा ओळखला की झालं. सर्दीचं तसं नाही, नुसत्या रायनोव्हायरसचेच दीडशेवर प्रकार आहेत, मुलाला दर वेळी नवीनच कोणीतरी भेटतो.

आणि शक्ती नुसती वाढवणं ही कल्पनाच मला पटत नाही. ती नको तिथं चालली की त्याचीच ॲलर्जी होते, संधिवाताचा एक प्रकार होतो, लहान मुलांचा डायबेटिस होतो. व्हिटॅमिन सी रोज खाऊन पण सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर बरी होते. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, दुधात घालून जरूर द्या, घशाला बरं वाटतं, पण तिच्यावर लसीचं काम सोपवू नका. डब्याच्या पैशात अंडी, डाळ, शेंगदाणे येतील, आणि रात्री दोन-दोनपर्यंत मोबाईल चालतो का ते बघा, झोप कमी पडली की सर्दी पकडायची शक्यता वाढते हे तपासून सिद्ध झालंय. सर्दीसोबत धाप लागणं, वारंवार न्यूमोनिया, कानातून पू असं काही असेल तर मात्र दाखवा.

प्रश्न : दर जखमेला टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, घ्यायलाच लागतं का? लोखंड गंजलेलं नसेल तर?
– एक वाचक, जत

उत्तर : गंजाचा संबंध नाही, धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, त्यामुळं जखमेवर माती दाबू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. या रोगाचं विष इतकं जहाल आहे की रोग होण्याइतकं विष सुद्धा शरीराला ओळख पटायला पुरत नाही, म्हणून धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसाला पण लस घ्यावीच लागते. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या इंजेक्शनपासून १० वर्षं आणि मातीच्या, खोल जखमेला ५ वर्षं धरतात, त्याच्या आत परत घ्यायची गरज नाही. डोस झालेत का हेच माहीत नसेल तर पहिल्यापासून सुरू करा, खोल घाणेरड्या जखमेला सोबत तयार अँटीबॉडीचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते दुसऱ्या हाताला देतात. हल्ली टीटीच्या जागी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाची पण लस असते, आरोग्य केंद्रात मागून घ्या आणि तारीख आधार कार्डाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवली तरी चालेल, पण लिहून ठेवा.