कूलरसमोर समुद्र ओतू नका!

प्रश्न: ताई, मी भुसावळची. रेझिनचा (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं पातळ प्लास्टिकसारखं द्रव) समुद्रवाला ट्रे करतेय, खाली तापीची वाळू, त्यावर दोन निळे थर आणि शेवटी पांढरी लाट. दुसऱ्या थराला रेझिन कपातच इतकं तापलं की कप वाकडा झाला. घाईघाईत ओतलं, पण लाटेला फेसासारखी जाळी आलीच नाही, नुसता पांढरा पट्टा, आणि सकाळी बघते तर वर दुधट चिकट थर. कूलर रात्रभर चालू होता. फेकून देऊ का सगळं?

उत्तर: अहो फेकताय काय, थांबा. आधी कोमट साबणपाण्याचं फडकं फिरवून बघा. कूलरच्या दमट हवेत हार्डनर ओलावा धरतो आणि वर अशी साय येते, ती असेल तर पुसली जाते. पण आतूनच मऊ लागत असेल तर माप चुकलंय किंवा कपाच्या कडा-तळ खरवडून नीट ढवळलं नाही, मग तो थर काढावाच लागेल, वरून नवीन ओतून खालचं कधीच सुकत नाही.

कपाचं म्हणाल तर रेझिन-हार्डनर एकत्र आले की स्वतःच गरम होतात, आणि कपात ती उष्णता कोंडते. डब्यावर लिहिलेली वेळ (घट्ट होण्याआधी काम करायला मिळते ती) साधारण २५ अंशाची असते आणि दर १० अंशाला ती निम्मी होते असं धरा, म्हणजे ४० मिनिटं लिहिली असतील तर मे महिन्यात ४२ अंशाला पंधराही धड मिळत नाहीत! म्हणून थोडं-थोडंच कालवा, लगेच पसरट भांड्यात काढा, आणि काम पहाटे उरका, कूलर बंद ठेवून, पण खिडकी उघडी आणि हातात नायट्राइलचे मोजे (मोज्यांचा कंटाळा करू नका, हाताला रॅश उठली की महिनाभर पुरते).

जाळी का नाही आली? पांढरं ओतलं तेव्हा खालचं निळं घट्ट झालं होतं. दोन्ही एकतारी पाकासारखी असताना पांढऱ्याची बारीक रेघ किनाऱ्याच्या कडेने ओढा, शेजारी बिनरंगाचं थोडं रेझिन, आणि हीट गनने आडवं फुंकून निळ्यावर ढकला. साधा ड्रायर नको, वारा जास्त आणि उष्णता कमी, सगळं भुर्र उडतं.

आता सध्याचा ट्रे कडक झाला असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, आणि वर बिनरंगाचा पातळ थर देऊन त्यातच नवीन लाट काढा. मला तर हेच जास्त आवडतं, कारण वरच्या लाटेची सावली खालच्या निळ्यावर पडते आणि पाणी खरंच खोल दिसतं, तुमचा जुना पट्टा मागची लाट म्हणून खपून जाईल.

पुढच्या वेळी वाळू धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि तिच्यावर आधी एक हलका हात रेझिनचा द्या, नाहीतर बुडबुडे येतच राहतात. आणि हो, ट्रेवर उकळत्या चहाचं पातेलं नका ठेवू, डाग उमटतो.